मे महिन्यात कोकणात घाम गाळायचाय? मग आधी तिथी बघा

होळी झाली की आमच्या गावात दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. पहिली म्हणजे ज्यांनी सगळा व्यायाम गुंडाळून ठेवलेला असतो, "आता पाऊस पडला की बघू" म्हणून, आणि पाऊस पडल्यावर हीच माणसं म्हणणार की चिखलात कुठे जायचं. दुसरी म्हणजे मुंबईवरून मे महिन्याच्या सुट्टीत आलेले आमचे चाकरमानी, ज्यांना पहिल्याच दिवशी सकाळी दहा वाजता उठून, चहा-बिस्किटं खाऊन, साडेदहाला बीचवर रनिंगला जायचं असतं, नवे शूज, हातात घड्याळ वगैरे. मी दोन्ही प्रकारात राहून आलोय त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही. पण उन्हाळ्यात आमच्या किनाऱ्यावर बाहेर पडून अंग हलवत ठेवायचं तर कसं, ते गेल्या सात-आठ वर्षांत ठेचा खाऊन जे कळलंय ते लिहितोय. मी मालवणच्या बाजूला राहतो, पण गुहागर, दापोली, श्रीवर्धन कुठेही असाल तरी थोड्याफार फरकाने हेच लागू होईल.

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल. मुंबईत दोन वर्षं एसी ऑफिस, एसी लोकल नाही पण ऑफिस मात्र फुल एसी, आणि तिथून मे मध्ये मामाकडे आलो. दुसऱ्याच दिवशी मळ्यात क्रिकेट, भात कापून झाल्यावर मळा सुका असतो ना तिथे, सकाळी अकराला टॉस. मामी दारात उभी होती, म्हणाली, "आरे खंय चल्लस ह्या उन्हात? रस्त्यार कोण दिसता तुका? कुत्रीसुद्धा सावलीक पडली हत." मी हसलो आणि गेलो. बॅटिंग झाली, फिल्डिंगला उभा राहिलो, पाणी पण पीत होतो, चांगल्या तीन बाटल्या प्यायलो, आणि साधारण पाऊण तासाने डोकं जड, पायात गोळे, मळमळ आणि मग बांधावर बसून सरळ उलटी. पोरांनी उचलून गोठ्याच्या सावलीत आणून टाकलं. मामीने काही बोलली नाही, ओला पंचा अंगावर टाकला आणि पेजेचं पाणी मीठ घालून वाटीवाटीने पाजत राहिली. संध्याकाळपर्यंत मी तिथेच गुरांच्या शेजारी. त्या दिवशी तापमान किती होतं माहितीये? चौतीस. नागपूरचा माझा एक मित्र अजून यावरून हसतो, म्हणतो चौतीसला आमच्याकडे स्वेटर काढतात.

आता हसू दे त्याला, पण मुद्दा इथेच आहे. आपलं अंग घाम येऊन थंड होत नाही, घाम सुकून थंड होतं. नागपुरात चव्वेचाळीस असलं तरी हवा कोरडी, घाम येतो न येतो तोच उडून जातो. आमच्याकडे हवेतच एवढं पाणी की घामाला उडायला जागा नाही, तो नुसता टपटप गळतो आणि गळलेल्या घामाने काही थंडावा मिळत नाही, फक्त पाणी आणि मीठ जातं. पुरावा हवा असेल तर कूलर बघा. विदर्भात घरोघरी कूलर, आमच्याकडे कोणी कूलर लावला तर खोलीचं नुसतं बाष्पगृह होतं. जे कूलरचं तेच तुमच्या अंगाचं. म्हणून हवामान खातं सुद्धा देशावर निदान ४० अंश झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही पण किनारपट्टीला ३७ पासूनच करतं (आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं). तेव्हा फोनवर नुसता आकडा बघून "आज तर ३३ च आहे" म्हणून बाहेर पडू नका, त्याच्या खाली ह्युमिडिटी लिहिलेली असते ती बघा. आणि अजून एक, आमच्याकडे कधीकधी मेपेक्षा मार्च जास्त भाजतो. मार्चमध्ये काही दिवस जमिनीवरून वारा येत राहतो आणि दर्यावरचा वारा उशिरा सुटतो, एक-दीड वाजेपर्यंत पान हलत नाही, त्या दिवशी पारा एकदम वर जातो. ज्या दिवशी अकरापर्यंत झाडाची पानं हलायला लागली नाहीत त्या दिवशी संध्याकाळचा प्लॅन पण अर्धा करायचा, हा माझा नियम.

पहिली गोष्ट, सवय. अंगाला उष्म्याची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, त्यात शॉर्टकट नाही. या दिवसांत आतमध्ये बरंच काही बदलतं, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यात मीठ कमी जातं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण हे रोज थोडं थोडं बाहेर तापल्यानेच होतं, एसीत बसून ट्रेडमिल केल्याने होत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, तीही चालणं. मग दर दिवशी पाच मिनिटं वाढवा. आठवड्यानंतर हळू पळायला लागा. आणि अंतर मोजू नका, वेळ मोजा, कारण डिसेंबरमध्ये अर्ध्या तासात जेवढं पळायचात तेवढं आता होणार नाही आणि ते करायच्या नादातच माणूस पडतो. वेग किती? बाजूच्याशी गजाली करता आल्या पाहिजेत. दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला दम लागला तर चाला. आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेल्यांसाठी वाईट बातमी म्हणजे तुमची सवय पूर्ण व्हायच्या आत तुम्ही परत जाणार, तेव्हा तुम्ही शेवटपर्यंत चालणं, पोहणं आणि संध्याकाळचं क्रिकेट एवढ्यावरच राहा, आणि परत जाऊन एसीत बसलात की दोन-तीन आठवड्यांत ती सवय उतरते पण, पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून.

आता वेळ. इथे सगळे सांगतात की सकाळी लवकर जा नाहीतर संध्याकाळी जा, बरोबरच आहे, मे मध्ये आमच्याकडे पावणेसहाला झुंजूमुंजू होतं, सहाच्या पुढे पाच-दहा मिनिटांत सूर्य वर येतो आणि साडेआठनंतर सावली शोधायची वेळ येते. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सूर्य इतका सरळ डोक्यावर येतो की उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. पण सकाळ की संध्याकाळ हे समुद्रावर जाणाऱ्याने घड्याळात बघून ठरवायचं नसतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायचं, तिथी.

हे मला एका रापणकर काकांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या काकांनी, शिकवलं आणि किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि त्याच्यापासून सहा तास पुढे-मागे, म्हणजे नऊला, सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला सुकती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, कारण तिथी काही बरोबर मध्यरात्री बदलत नाही, पण पळायला जायचं की नाही हे ठरवायला एवढं बास.

आणि गंमत बघा, पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराला म्हणजे सुकती बरोब्बर सकाळी पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला, ज्या वेळी आपल्याला बाहेर पडायचंय त्याच वेळी! त्यात उधाणाची सुकती असल्याने पाणी खूप आत जातं आणि ओल्या, घट्ट, सपाट वाळूचा असा काही रस्ता तयार होतो की कुठलाही ट्रॅक झक मारेल. म्हणून माझं वेळापत्रक असं आहे: पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढे तृतीया-चतुर्थीपर्यंत सकाळी बीचवर रनिंग. पंचमी-षष्ठीला अजून जमतं पण पाणी उतरायला वेळ लागतो. सप्तमीपासून एकादशी-द्वादशीपर्यंत सकाळी पाणी चढलेलं किंवा चढत असतं, तेव्हा बीच सोडायचा आणि सायकल, वाडीतली कामं, नाहीतर विहीर. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही हे खरं, पण उरते ती वरची मऊ भुसभुशीत वाळू, आणि मऊ वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा साधारण दीडपट जोर लागतो. थंडीत तो चांगला व्यायाम, मे मध्ये ती आत्महत्या. चाकरमानी नेमके तिथेच पळताना दिसतात कारण शूज ओले होऊ द्यायचे नसतात.

ओल्या वाळूवर अनवाणी पळायला मजा येते पण पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, नाहीतर पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरू देत नाहीत. बीच पाण्याकडे थोडा उतरता असतो, तेव्हा एकाच बाजूला लांब जाऊन रिक्षाने परत येऊ नका, गेलात तेवढेच पळत परत या म्हणजे दोन्ही पायांना सारखं पडतं. बाटल्यांच्या काचा ही आपली स्वतःची देणगी, म्हणून मी जुने झिजलेले शूजच घालतो. आणि एप्रिल-मे मध्ये कधी कधी काळे चिकट डांबराचे गोळे वाहून येतात, तळपायाला लागले की साबणाने जात नाहीत, खोबरेल तेल चोळायचं आणि फडक्याने पुसायचं. कासवाच्या घरट्याभोवती जाळी लावलेली दिसली तर लांबून जा, एप्रिलपर्यंत तरी पिल्लं निघत असतात.

वाऱ्याचं पण एक आहे. संध्याकाळी आमच्याकडे वारा वायव्येकडून येतो. पाठीवर वारा घेऊन पळताना अंगाला वारा लागतच नाही, तुम्ही आणि वारा सारख्याच वेगाने चाललेले असता आणि घाम जिथल्या तिथे. म्हणून मी आधी दक्षिणेकडे जातो, अंग ताजं असतं तेव्हा, आणि परत येताना जेव्हा खरा तापलेला असतो तेव्हा तोंडावर वारा. दमायला होतं पण थंड वाटतं. सकाळी हा हिशोब नाही, सकाळी मतलई वारा नुसता नावाला असतो.

सुकतीचा अजून एक फायदा सांगतो आणि हा मला रनिंगपेक्षा आवडतो. रापण. तुमच्या गावच्या किनाऱ्यावर अजून रापण लागत असेल तर एकदा सकाळी जाऊन उभे राहा. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात, मग दोन टोळ्या दोन बाजूंनी ओढत ओढत जवळ येतात. मी पहिल्यांदा दोर धरला तेव्हा जिममधल्या सवयीने हाताने खेचायला लागलो. शेजारचे काका बघत होते, म्हणाले, "हातान नाय रे, आंगान ओढ. पाय रोवन मागे सर." म्हणजे हात सरळच ठेवायचे, टाच वाळूत रुतवायची, अंग मागे टाकायचं आणि एक पाऊल मागे, पुन्हा टाच, पुन्हा पाऊल. सगळे एका तालात. मागे मागे सरत शेवटचा माणूस वर कोरड्या वाळूपर्यंत पोचला की दोर सोडतो आणि परत पाण्याकडे पुढे येऊन धरतो, असं चक्र तास-दीड तास. दोर ओला, खारा, वाळूने भरलेला, अर्ध्या तासात माझे दोन्ही तळवे सोलून निघाले आणि मांड्या अशा भरल्या की कुठल्या स्क्वॉटने भरल्या नव्हत्या. शेवटी जाळ्यात थोडे बांगडे आणि बाकी सगळी तारली, मला पण एक पिशवी मिळाली. फुकटात व्यायाम आणि वर मासळी. फक्त एवढंच की ते त्यांचं पोट आहे, सेल्फीसाठी मध्ये मध्ये करू नका, विचारा, दोर धरा आणि शेवटपर्यंत धरा. खाडीच्या तोंडाशी सुकतीला तिसरे (शिंपल्या) काढायला बायका जातात त्यांच्याबरोबर पण एकदा जाऊन बघा, दोन तास ओणवं राहून वाळू उकरणं काय असतं ते कंबर सांगेल.

पोहणं. उन्हाळ्यात सगळ्यात शहाणपणाचा व्यायाम हाच, कारण पाणी अंगातली उष्णता थेट ओढून घेतं, घाम सुको न सुको. पण समुद्रात पोहायचं तर सुकती लागलेली असताना नको, तेव्हा पाणी बाहेर ओढतं. आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी माणसं बुडतात आणि त्यात पोहता येणारे पण असतात. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, गढूळ, लाट न फुटणारा दिसला तर तो सुरक्षित नाही, तिथूनच पाणी आत जातं. सापडलातच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग लाटेबरोबर या. मेच्या मध्यानंतर दर्याचं अंग बदलतं, पाणी उसळायला लागतं, मच्छीमारांची बंदी १ जूनला लागते पण पोहणाऱ्याने त्याच्या पंधरा दिवस आधीच स्वतःवर बंदी घालावी. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून सरकवत चाला म्हणजे वाळूत लपलेली पाकट नावाची मासळी असेल तर आधीच निघून जाते. तिचा काटा लागला तर जखम सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-एक तास ठेवायची, वेदना बरीच उतरते, आणि मग डॉक्टर.

विहीर असेल तर मग काय, राजेशाही. आमच्या पिढीतली निम्मी पोरं पाठीला डबा नाहीतर सुक्या नारळांची जोडी बांधून विहिरीतच शिकली. पण मे मध्ये पाणी खाली गेलेलं असतं, वरून उडी मारायच्या आधी खोली बघा, आणि बाहेर कसं यायचं ते आधी बघा, पायऱ्या शेवटपर्यंत आहेत का, दोर सोडलाय का. एकट्याने नाही उतरायचं. नदीच्या डोहात जाणार असाल तर गावात विचारूनच, वाशिष्ठीत चिपळूणजवळ मगरी आहेत हे सगळ्यांना माहितीये, आमच्या जिल्ह्यातल्या काही नद्यांत पण आहेत.

सायकलवाल्यांनो, सागरी महामार्ग फोटोत सपाट दिसतो पण तो तसा नाही. खाडीपासून चढ, वर सडा म्हणजे उघडं कातळाचं पठार, परत उतार, परत खाडी, असं दिवसभर. यात चढ हा त्रास नाही, सडा हा त्रास आहे. सड्यावर झाड नाही, खाली सगळा जांभ्याचा कातळ, साडेनऊनंतर तो तव्यासारखा होतो आणि संध्याकाळी सूर्य गेला तरी तासभर उष्णता सोडत राहतो. म्हणून सडा नेहमी सकाळी, संध्याकाळी खाडीकाठचा रस्ता. रत्नागिरी-राजापूरकडे असाल तर उक्षी, देवाचं गोठणं, कशेळीची कातळशिल्पं सायकलवरून करता येतात आणि ती सकाळी सातच्या आत बघावीत हे दोन कारणांनी, एक तर ऊन, दुसरं म्हणजे तिरप्या उन्हातच कोरलेल्या रेषांची सावली पडते आणि चित्र दिसतं, बाराला गेलात तर नुसता भाजका कातळ बघून परत याल. सायकलवर वारा लागतो त्यामुळे घाम कळत नाही, पाणी प्यायचं विसरतं. मी दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घेतो, मोबाईलचा अलार्म लावून.

हे काही नको असेल तर वाडीत जा. खरंच सांगतो. नारळी-पोफळीच्या वाडीत बाहेरपेक्षा चांगलाच गारवा असतो, आणि माडांना कळशीने पाणी घालणं, पातेरा झाडून आळ्यात टाकणं, झावळ्या ओढून आणणं, हे सगळं केलं की एका तासात डोक्यापासून पायापर्यंत काही शिल्लक राहत नाही. कळश्या दोन्ही हातांत सारख्या भरून न्या, एका हाताने नेलीत तर पाठ धरते. फक्त चटई टाकून योगासनं करायची असतील तर वर बघून टाका. माडाखाली शवासन करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे पण विमा काढून करावं. सुरूचं बन जवळ असेल, गुहागरला आहे तसं, तर ते सगळ्यात उत्तम, सावली पण आणि वारा पण आणि वरून काही पडत नाही.

आंब्याच्या बागेत झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे काढणारे गडी कधी बघा. उजाडायच्या आधी सुरू, नऊ-साडेनऊला पेज, अकरापर्यंत उरकलं की दुपारी झाडाखाली आडवे, साडेचारला परत. त्यांना कोणी हिट मॅनेजमेंट शिकवलेलं नाही.

आणि ती पेज. उकड्या तांदळाची पेज, मीठ, बाजूला खारातली कैरी किंवा भाजलेला सुका बांगडा. पाणी आलं, मीठ आलं, ताकद आली. मी मळ्यात पडलो होतो त्या दिवशी पाणी तीन बाटल्या प्यायलो होतो ना, चुकलं तिथेच, मीठ शून्य. तासाला एक-दीड लिटर घाम सहज जातो आणि त्यातून मीठ जातं, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ अजून पातळ होतं, त्याने पण मळमळ, डोकेदुखी, आणि जास्त झालं तर झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. तासाभरापेक्षा कमी असेल तर पाणी पुरे. जास्त असेल तर मीठ-साखर लागतेच. घरचं सगळ्यात सोपं म्हणजे एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, अंदाजपंचे नाही.

कोकम सरबत करत असाल तर बाटलीवर बघा, अमृत कोकम असेल तर त्यात साखर असते, मीठ घालावं लागतं, आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) असेल तर त्यात आधीच मीठ असतं, साखर घालायची, मीठ नाही. माझ्या एका पाहुण्याने आगळात वर दोन चमचे मीठ घालून प्यायलं होतं, त्याचा चेहरा अजून आठवतो. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणजे घामात जे जातं तेच त्यात कमी, तेव्हा शहाळ्याबरोबर काहीतरी खारट खा. मीठ घातलेलं ताक मस्त. सोलकढी जेवणात, पळून आल्या आल्या नारळाचं दूध पोटात नको. बिअर हे हायड्रेशन नाही, हे दर मे मध्ये कोणाला तरी सांगावं लागतं. आणि फणस खाऊन दोन तास कुठेही जाऊ नका, हे शास्त्र नाही, अनुभव आहे.

किती घाम गेला हे बघायचं असेल तर एकदा जायच्या आधी आणि आल्यावर अंग पुसून वजन करा, एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर गेलं. साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलोच्या वर उतरलं तर पिणं कमी पडतंय. रोज काटा नको, लघवीचा रंग बघा, फिकट लिंबू सरबतासारखी ठीक, चहासारखी म्हणजे आज सुट्टी.

कपड्यांचं थोडक्यात: सैल, फिकट रंगाचे. कॉटन घरात छान, पण पळताना भिजून अंगाला चिकटतं आणि जड होतं, त्यापेक्षा ते पातळ जाळीदार जर्सीचं कापड बरं. काखेत, मांड्यांत आधीच खोबरेल लावून जा. रुंद काठाची टोपी, उघड्या अंगाला सनस्क्रीन एसपीएफ तीस किंवा जास्त, आणि दोन तासांनी परत. गळ्यात ओला पंचा, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय. आल्यावर लगेच आंघोळ आणि कोरडे कपडे, नाहीतर घामोळं पाऊस पडेपर्यंत सोबत करतं.

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि पाणी लवकर कमी होतं, त्या चालू असतील, शुगर असेल, हृदयाचं काही असेल, साठीच्या पुढे असाल, तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि एकटे जाऊ नका. ताप, जुलाब झाल्यावर दोन-तीन दिवस जायचंच नाही.

आता घाबरवायला नाही पण हे माहिती पाहिजे. गोळे येणं, चक्कर, मळमळ, गारठलेलं घामेजलेलं अंग, म्हणजे थांबा, सावली, पाय वर, मीठ-साखरेचं पाणी, तासाभरात बरं वाटतं. पण माणूस असंबद्ध बडबडायला लागला, झोकांड्या खातोय, कुठे आहे ते कळत नाही, अंग चटका लागावा असं तापलंय, तर तो उष्माघात, आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, पळताना-खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम असू शकतो. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत नुसते बसू नका. कपडे सैल करा, विहिरीवर किंवा नळाखाली न्या आणि अंगावर कळशीने पाणी ओतत राहा, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. आमच्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेवढ्या वेळात जे थंड करायचं ते तुम्हीच करायचं असतं.

पोरांचं क्रिकेट आता आमच्या मळ्यात पाचला सुरू होतं, तो ठराव माझ्याच नावावर आहे. मेच्या शेवटी शेवटी संध्याकाळी ढग जमायला लागतात, वळीव येतो, तेव्हा पहिला गडगडाट ऐकला की बॅट टाकून घरात. मोकळा मळा, सडा आणि बीच, वीज पडायला याहून चांगल्या जागा नाहीत. फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. आणि पहिला जोराचा पाऊस झाला की मग सड्यावर जाताना जपून, आठवड्याभरात कातळावर बारीक शेवाळ धरतं आणि सायकलचं पुढचं चाक कधी गेलं ते कळत पण नाही.

उद्या द्वितीया. दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे सुकती साडेसातला, पाणी उतरत असतानाच सहाला निघायचं, शूज बाहेर काढून ठेवलेत आणि मामीला पेज टाकायला सांगितलीये.